पाहणी समितीवर शेफनं काय बघायचं?

प्रश्न : मी कळंगुटच्या एका हॉटेलात शेफ आहे. एका खासगी हॉटेल मॅनेजमेंट संस्थेनं वाढीव तुकडीची परवानगी मागितली आहे. तिच्या पाहणी समितीवर मला बाहेरचा विषयतज्ज्ञ म्हणून बोलावलंय. नेमकं काय तपासायचं?
– एक वाचक, म्हापसा

उत्तर : जागेची कागदपत्रं, ठेवी, क्षेत्रफळ हे समितीतले बाकीचे बघतील. तुम्ही किचन बघायचं, तेही चालू असताना.

सगळे बर्नर एकदम पेटवायला सांगा आणि वीसेक मिनिटं तसेच ठेवा. ज्योत बसायला लागली आणि १९ किलोच्या सिलिंडरवर बर्फ धरला, तर जोडलेले सिलिंडर कमी पडताहेत. गॅस जितक्या वेगानं ओढला जातो, तितक्या वेगानं आतल्या द्रवाचा वायू होत नाही. (नुसता घाम आपल्या दमट हवेत कुठल्याही सिलिंडरला येतो, तो धरू नका.) आताच ही गत असेल, तर वाढीव मुलांना आच कुठून मिळणार? एक्झॉस्टच्या हूडखाली पातळ कागद धरा, तो वर ओढला गेला पाहिजे. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, त्यामुळे गळती ओळखणारं यंत्र जमिनीलगत हवं. छताला लावलेलं असेल तर ते शोभेचं. डीप फ्रीझर उणे १८ अंशांवर आहे का, ते स्वतःच्या थर्मामीटरनं बघा.

मग मागच्या प्रॅक्टिकल्सची बिलं मागा. यंत्रं पाहणीपुरती उसनी आणता येतात, वर्षभराची मासळीची बिलं जुळवणं कठीण. २० मुलांना प्रत्येकी १५० ग्रॅम इसवण (सुरमई) म्हणजे साफ केलेली ३ किलो, अख्खी साधारण ५ किलो. बिल एक किलोचं असेल, तर शिजवलं शिक्षकानं आणि मुलांनी फक्त बघितलं.

गोवा लहान. तुमच्या हॉटेलात त्या संस्थेची मुलं ट्रेनिंगला येत असतील किंवा भाचा तिथं शिकत असेल, तर होकार देण्याआधीच लेखी कळवा. मानधन आणि प्रवासखर्च ज्यांनी नेमलं त्यांच्याकडूनच घ्या. संस्थेचं जेवणही टाळा, आणि तिथं ते उत्तम असणार, म्हणून आधीच सांगतो.

अहवालात ‘सुविधा समाधानकारक’ लिहू नका. ‘८ पैकी ५ बर्नर नीट पेटले’ असं लिहा, मत वेगळ्या परिच्छेदात द्या. परवानगी द्यायची की नाही, ते ठरवणं तुमच्याकडे नाही. आणि कोऱ्या फॉर्मवर ‘नंतर भरून घेऊ’ म्हणत सही मागितली, तर देऊ नका.