सौर संच घेण्याआधी पंखे आणि पंप पाहा

गुहागरजवळच्या घरात चार पंखे, जुना फ्रिज आणि विहिरीवर १ एचपीचा पंप असून एप्रिल-मे महिन्यांत ३२० ते ३४० युनिट पडतात, तर सरळ ३ किलोवॉटचा सौर संच बसवावा का, असे आपण विचारले आहे. माझे स्पष्ट मत असे, की सौर संच जरूर बसवावा, पण तो शेवटी. आधी घराची खरी गरज कमी करावी आणि मग त्या गरजेच्या मापाचा संच घ्यावा.

आपल्या प्रश्नातला एक समज प्रथम दूर करतो. ३०० युनिट ओलांडले की सगळ्याच युनिटना वरचा दर लागतो, असे नाही. महावितरणच्या घरगुती दरांत १०० पर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे असे टप्पे असून प्रत्येक टप्प्यातल्या युनिटना त्या टप्प्याचाच दर लागतो. त्यामुळे वाचलेले युनिट नेहमी वरच्या, म्हणजे सर्वांत महाग टप्प्यातून कमी होते. शिवाय त्यावरचे १६ टक्के वीज शुल्कही वाचते.

सर्वांत मोठी बचत पंख्यांत आहे. कोकणातल्या दमट हवेत वैशाखात पंखा रात्रंदिवस चालतो आणि तो बंद ठेवा असे सांगण्यात काही अर्थ नाही. जुना पंखा ७५ वॉटच्या आसपास घेतो, तर बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या ब्रशलेस मोटरचा) पंखा साधारण ३० वॉटमध्ये तेवढाच वारा देतो. चार पंखे रोज १५ तास चालत असतील, तर महिन्याला ८१ युनिट वाचतात. चारही एकदम बदलणे जड जात असेल, तर माजघरातला आणि झोपण्याच्या खोलीतला आधी बदलावा. हा पंखा जुन्या रेग्युलेटरमधून चालवू नये, वायरमनकडून रेग्युलेटर वगळून थेट जोडणी करून घ्यावी.

पंपाकडे मात्र बहुतेक घरांत कोणी पाहतच नाही. १ एचपीचा पंप तासाला साधारण १ युनिट खातो. टाकी भरायला मार्गशीर्षात किती मिनिटे लागतात आणि आता किती लागतात, हे लिहून ठेवा. वेळ बराच वाढला असेल, तर फूटव्हॉल्व्ह (पाइपच्या पाण्यातल्या टोकाची झडप) गळतो आहे का, सक्शन पाइप कुठे हवा ओढतो आहे का, हे आधी तपासावे. चैत्रानंतर विहिरीचे पाणी खाली जाते आणि काठावर बसवलेल्या पंपाला सात-आठ मीटरपेक्षा खोलचे पाणी ओढवत नाही, त्यामुळे तो चालत राहतो आणि पाणी मात्र करंगळीएवढे येते. अशा वेळी पंप खाली पाण्याजवळ घेणे किंवा पाण्यात बुडणारा पंप बसवणे, हाच उपाय आहे. माडांना त्याच पंपाने शिंपत असाल, तर माडांच्या बुंध्याभोवतीच्या अळ्यांत नारळाची सोडणे (वरची सालपटे) पुरावीत. त्यांत ओल टिकते आणि शिंपण्याच्या पाळ्या कमी होतात.

मीटरवर लुकलुकणारा लाल दिवा हे फुकटचे मोजमाप आहे. मीटरवर ३२०० इम्पल्स लिहिले असेल, तर ३२०० लुकलुकींना १ युनिट होते. फक्त पंप चालू ठेवून मिनिटभरात ५३ च्या आसपास लुकलुकी आल्या, तर तो १ किलोवॉट घेतो आहे. सगळी बटणे बंद असूनही दिवा लुकलुकत असेल, तर वीज कुठेतरी गळते आहे. आपल्याकडे पावसाळ्यात पंपाच्या केबलच्या सांध्यांत हे वारंवार होते आणि त्यात बिलापेक्षा जिवाचा धोका मोठा आहे. सांधे दुरुस्त करून आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवल्याशिवाय राहू नये.

फ्रिजच्या दाराचे रबर सैल झाले असेल, तर बदलावे आणि मागे हवेला जागा ठेवावी. एवढे झाले, की आपला वापर २२० युनिटच्या घरात यायला हरकत नाही.

आता सौर संच. १ किलोवॉटचा संच वर्षाच्या सरासरीने दिवसाला साधारण ४ युनिट देतो, म्हणजे ३ ऐवजी २ किलोवॉट पुरतात. पंतप्रधान सूर्यघर योजनेत २ किलोवॉटपर्यंत प्रत्येक किलोवॉटला ३०,००० रुपये आणि तिसऱ्याला १८,००० रुपये अनुदान आहे, त्यामुळे अनुदानाच्या दृष्टीनेही २ किलोवॉटच फायद्याचे ठरतात. पावसाळ्यात उत्पादन बरेच घटते, पण नेट मीटरिंगमध्ये (संचाची जास्तीची वीज महावितरणला देऊन ती बिलात वळती करण्याच्या पद्धतीत) जास्तीचे युनिट मार्चअखेरपर्यंत पुढे ओढले जातात, म्हणून एप्रिल-मेची शिल्लक आषाढ-श्रावणात उपयोगी पडते. पॅनेलवर माडाच्या झावळांची सावली दिवसाच्या कोणत्याही वेळी पडता कामा नये. जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने दापोली-मंडणगडची छपरे कशी उडवली, हे आपण जाणताच. म्हणून कौलांवर नुसते टेकवलेले सांगाडे घेऊ नयेत, ते वाशांना घट्ट जखडून घ्यावेत. सांगाडा गॅल्व्हनाइज्ड आणि बोल्ट स्टेनलेस स्टीलचे असावेत, कारण खाऱ्या वाऱ्यात साधे लोखंड लवकर गंजते. कोटेशनमध्ये हे दोन्ही लेखी मागा.