आईबाबांना घेऊन ऑस्टिनला जातोय, टेक्सासचं कॅपिटॉल (राज्याच्या विधिमंडळाची इमारत) आतून बघण्यासारखं आहे का?

हो, नक्की बघा, आणि बाहेरून फोटो काढून निघू नका प्लीज. बरेचजण तेच करतात आणि मला खरंच वाईट वाटतं.

आत एंट्री फ्री आहे, गाइडेड टूर पण फ्री, साधारण अर्ध्या तासाची. दारात बॅग चेक होते. आईबाबांना जिने चढायचं टेन्शन नाही, लिफ्ट आहे.

बिल्डिंग १८८८ ची. तेव्हा सरकारकडे पैसा नव्हता पण जमीन अमाप, म्हणून बांधणाऱ्यांना पैशाऐवजी ३० लाख एकर जमीन दिली, तिथेच पुढे एक्सआयटी नावाचं गुरं पाळायचं अवाढव्य रँच झालं. आधी चुनखडीचा दगड वापरणार होते, पण त्यातल्या लोहामुळे डाग पडायला लागले, मग मार्बल फॉल्स गावाजवळचा गुलाबी ग्रॅनाइट आणला. तो खाणीतून काढायला कैदी लावले होते, त्यावरून दगड घडवणाऱ्यांच्या युनियनने बहिष्कार टाकला आणि शेवटी थेट स्कॉटलंडवरून कारागीर आणावे लागले. हे डोक्यात ठेवून बाहेरच्या भिंतीला एकदा हात लावून बघाच, गुलाबी रंग नुसता सुंदर म्हणून सोडून देववत नाही मग.

आत गेल्यावर घुमटाच्या बरोबर खाली उभं राहून वर बघा. तिथला तारा हाताएवढा दिसतो, प्रत्यक्षात आठ फुटांचा आहे! तिथेच मधोमध टाळी वाजवली की आवाज घुमून परत येतो. भोवतीच्या भिंतींवर गव्हर्नरांची पोर्ट्रेट्स आहेत, नवीन गव्हर्नरचं लागलं की बाकी सगळी एकेक जागा पुढे सरकतात. आणि दारांच्या बिजागऱ्या बघायला विसरू नका, जाडजूड पितळी, त्यांच्यावर सुद्धा टेक्सास कॅपिटॉल असं कोरलंय. इतक्या बारीक गोष्टीची कोणी काळजी घेतली याचं मला अजून कौतुक वाटतं.

मागच्या बाजूला जमिनीखाली १९९३ ला झालेलं एक्स्टेंशन आहे, वेळ असेल तर तिकडेही एक चक्कर मारा.

सगळं मिळून दीड-दोन तास धरा. विधिमंडळाचं रेग्युलर अधिवेशन विषम वर्षांत जानेवारीपासून १४० दिवसांपर्यंत असतं, त्या काळात गेलात तर गॅलरीत बसून कामकाज बघता येतं, पण गर्दी भरपूर. आईबाबांना निवांत फिरवायचं असेल तर सम वर्षच बरं.