साखर धुऊन जाणार नाही का?

प्रश्न: माझी नात पुण्याला एम.एस्सी. करते. परवा फोनवर म्हणाली, "आजी, मी प्लास्टिकला साखर बांधते, म्हणजे त्यावर यकृताच्या पेशी धरतात." मी हर्णै बंदरावर कोळंबी सोलत आयुष्य काढलं. साखर पाण्यात विरघळते एवढं मला कळतं. मग ही साखर टिकते कशी?
— एक आजी, हर्णै

उत्तर: आजी, नेमकी हीच शंका एकेकाळी मला नडली होती. रत्नागिरीत पॉलिमर (प्लास्टिकसारखे लांब साखळ्यांचे पदार्थ) शिकवायला लागले तेव्हा मी पॉलिस्टायरीन या प्लास्टिकच्या बशा साखरेच्या पाण्यात रात्रभर बुडवून ठेवल्या. सकाळी दोनदा धुतल्या, साखर गेली! अशा प्लास्टिकवर पाणीसुद्धा नीट पसरत नाही. अळवाइतकं नाही, पण जात तीच.

म्हणून साखर नुसती लावत नाहीत, रासायनिक बंधाने बांधतात. त्यासाठी आधी प्लास्टिकवर पकड तयार करावी लागते. अमोनियाच्या प्लाझ्मात, म्हणजे विजेने चेतवलेल्या अमोनिया वायूत, ठेवलं की पृष्ठभागावर अमाईन गट, म्हणजे नायट्रोजनचे छोटे आकडे, येतात. मग दुधातल्या लॅक्टोजपासून केलेलं लॅक्टोबायोनिक आम्ल घेतात. त्याचं एक टोक अमाईनला कायमचं जोडलं जातं आणि दुसऱ्या टोकाची गॅलॅक्टोज ही साखर बाहेर मोकळी राहते. असा बंध पाण्याने सुटत नाही.

गॅलॅक्टोजच का? यकृताच्या पेशींवर ही साखर ओळखून धरणारं एक प्रथिन असतं. १९६०च्या दशकाच्या अखेरीस अॅशवेल आणि मोरेल या शास्त्रज्ञांना दिसलं, की रक्तातल्या प्रथिनांवरच्या साखरसाखळीच्या टोकाचं सियालिक आम्ल काढून खालचं गॅलॅक्टोज उघडं केलं, तर यकृत ती प्रथिनं झटकन ओढून घेतं. नात यकृताच्या त्याच सवयीचा उपयोग करते आहे. साखर किती दाट बांधली यालाही फार महत्त्व आहे: विरळ असेल तर पेशी पसरतात, दाट असेल तर गोल राहून गोळे करतात. पेशी धरल्या म्हणजे यकृत झालं असं मात्र नव्हे. शरीराबाहेर त्या आपली कामं लवकर विसरतात, खरी झुंज तिथे आहे.

आणि तुमच्या कोळंबीची सालं! त्यातलं कायटिन ही मुळात साखरेचीच लांब साखळी. ते तीव्र अल्कलीत तापवलं की कायटोसान मिळतं. त्याच्यावर अमाईन गट आधीपासूनच असतात, प्लाझ्माची गरज नाही. लॅक्टोबायोनिक आम्ल थेट बांधता येतं. नातीला विचारा, ती कोणता पॉलिमर वापरते. कायटोसान म्हणाली, तर टोपलीतल्या सालांबद्दल तिला जरूर सांगा.