करसल्ला : मुलाच्या नावानं कंपनी काढावी का?

प्रश्न : नमस्कार मॅडम. माझा मुलगा मराठी सिनेमात काम करतो. देवाच्या कृपेने यंदा त्याला 40 लाखांच्या आसपास मिळतील, खर्च जाता 32 लाख उरतील. त्याच्या बरोबरीचे सांगतात, स्वतःची कंपनी काढ, पैसे तिच्यात घे, कर निम्म्यावर येईल. गाडी, फ्लॅट कंपनीच्या नावावर घे, बायकोला डायरेक्टर करून पगार दाखव. इंग्लंडात नेते आणि टीव्हीवालेही हेच करतात म्हणे. हे कायद्याला धरून आहे का? आणि असलं तरी करावं का?
— एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : ताई, इंग्लंडची गोष्ट खरी आहे, पण तुमच्या मुलाला ती अर्धीच सांगितली गेली आहे.

तिथं मोठ्या कमाईवर वैयक्तिक कराचा सर्वांत वरचा दर काही वर्षं 50 टक्के होता आणि कंपनीचा त्याच्या निम्म्याच्या आसपास. शिवाय पगारावर राष्ट्रीय विम्याची वर्गणी कापली जाते, लाभांशावर ती नाही. त्यात बायकोच्या नावावर शेअर ठेवले की उत्पन्न दोघांत वाटलं जातं. 2012 साली लंडनच्या महापौरपदाच्या निवडणुकीत उमेदवार केन लिव्हिंगस्टन यांची भाषणांची आणि माध्यमांतली कमाई सिल्व्हेटा लिमिटेड या कंपनीत जमा होते, आणि ती कंपनी त्यांची व पत्नीची आहे, हे बाहेर आलं. कायदा मोडला नव्हता, आणि आपलं काही चुकलं नाही असंच त्यांचं म्हणणं होतं. पण कर चुकवणाऱ्या श्रीमंतांवर ते स्वतः टीका करत आले होते, म्हणून प्रचारभर हाच विषय त्यांच्या मागे लागला. त्याच वर्षी विद्यार्थ्यांना कर्ज देणाऱ्या सरकारी संस्थेच्या प्रमुखाचं मानधनही कर न कापता कंपनीमार्फत जात असल्याचं उघड झालं. सरकारनं सगळ्या खात्यांत तपासलं, तर असे 2,400 हून जास्त लोक निघाले.

उरलेली अर्धी गोष्ट अशी. नावापुरती कंपनी आणि प्रत्यक्षात नोकरी, अशा प्रकारांत पगारासारखाच कर लावण्याचा नियम तिथं 2000 पासूनच आहे, त्याला 'आयआर 35' म्हणतात. बीबीसीच्या 'लुक नॉर्थ' या बातमीपत्राच्या निवेदिका क्रिस्टा ॲक्रॉइड 2018 मध्ये त्याच नियमाखाली न्यायाधिकरणात हरल्या. कर खात्याची मागणी 4 लाख 19 हजार पौंडांहून जास्त होती. कंपनी काढायला बीबीसीनंच प्रोत्साहन दिलं होतं, हे न्यायाधिकरणानं मान्य केलं, तरी कराची जबाबदारी बाईंच्या कंपनीवरच राहिली. पुढच्याच वर्षी दुसऱ्या निवेदिका लॉरेन केली जिंकल्या, कारण त्या खरोखर स्वतंत्र व्यावसायिक ठरल्या. म्हणजे 'सगळे करतात' म्हणून उडी मारणाऱ्याला निकाल आपल्या बाजूनं लागेल याची खात्री तिथंही नाही.

आता आपल्याकडे या. 2025-26 च्या नव्या पद्धतीच्या दरांनी मी तुमच्या मुलाचा हिशेब मांडला. 32 लाख स्वतःच्या नावावर दाखवले तर उपकरासह कर 5 लाख 61 हजार 600. तेच 32 लाख कंपनीचा नफा म्हणून आले, तर 22 टक्क्यांच्या सवलतीच्या दरानं, अधिभार आणि उपकर धरून, 8 लाख 5 हजार कंपनी भरेल. उरलेले पैसे घरी आणायचे तर लाभांश घ्यावा लागेल, आणि 1 एप्रिल 2020 पासून लाभांशावर घेणाऱ्यालाच त्याच्या टप्प्यानुसार कर बसतो. तो आणखी 3 लाख 10 हजार. एकूण 11 लाख 15 हजारांच्या वर. निम्मा सोडाच, कर दुप्पट झाला! कंपनीकडून सगळा पगार म्हणून घेतला तर कर जवळपास पहिल्याइतकाच येतो, वर दर वर्षी सक्तीचं ऑडिट आणि कंपनी निबंधकाकडची विवरणपत्रं.

कंपनीचा खरा फायदा कोणाला, तर ज्याचं उत्पन्न 2 कोटींच्या वर आहे आणि ज्याला घरखर्चासाठी त्या पैशाला हात लावावा लागत नाही त्याला. त्याचा वैयक्तिक दर 39 टक्क्यांपर्यंत जातो, कंपनीचा 25.17 वर थांबतो, आणि पैसा आतच राहतो.

मग लोक गाडी-फ्लॅटची युक्ती सांगतात. देवस्थानच्या पेटीची चावी मानकऱ्याकडे असली म्हणून पेटीतले पैसे त्याचे होत नाहीत, तसं कंपनीचं आहे. मालकानं तिच्यातून उसने घेतले तरी कंपनीच्या साठलेल्या नफ्याइतकी रक्कम लाभांश समजून त्यावर कर लागतो. घरच्या वापराची गाडी कंपनीच्या खर्चात बसत नाही. सूनबाईंच्या पगाराचं म्हणाल, तर कंपनीत मुलाचा मोठा हिस्सा असताना तो पगार मुलाच्याच उत्पन्नात धरला जातो. अपवाद एकच : त्यांच्याकडे त्या कामाचं तांत्रिक किंवा व्यावसायिक ज्ञान आहे आणि पगार त्या ज्ञानाचाच आहे.

उलट मुलासाठी कायद्यानं स्वतःहून ठेवलेली सोय आहे, आणि ती या मित्रमंडळींपैकी कोणी त्याला सांगितलेली दिसत नाही. सिनेकलावंताची वर्षाची जमा 50 लाखांच्या आत असेल तर निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवता येते, खर्चाच्या वह्या ठेवाव्या लागत नाहीत. 40 लाखांचे 20 लाख, कर 2 लाख 8 हजार. कंपनीला ही सोय नाही. मात्र दहीहंडीच्या किंवा दुकानाच्या उद्घाटनाच्या सुपाऱ्या वेगळ्या लिहून ठेवायला सांगा, त्या सिनेमाच्या कामात बसतीलच असं नाही. जमा 20 लाखांवर गेली आहे, तेव्हा जीएसटी नोंदणीही आजच तपासा.

करावं का, हेही तुम्ही विचारलंत, आणि मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं. रत्नागिरीत माझ्याकडे जून-जुलै महिन्यांत शिक्षक, परिचारिका, एसटीचे वाहक फॉर्म 16 घेऊन येतात. त्यांचा कर पगार हातात पडायच्या आधीच कापलेला असतो. त्यांना कंपनी काढायचा पर्यायच नाही. हीच माणसं तिकीट काढून तुमच्या मुलाचा सिनेमा बघतात. ज्यांचं नाव लोकांनी मोठं केलं, त्यांनी त्या नावाची कमाई स्वतःच्या नावावर दाखवावी असं मला मनापासून वाटतं. राजकारण्यांकडून तर मी याचा आग्रहच धरते. विधानसभा आणि लोकसभेच्या उमेदवाराच्या प्रतिज्ञापत्रात 2019 पासून स्वतःचं आणि पती-पत्नीचं मागच्या पाच वर्षांचं उत्पन्न द्यावं लागतं. कंपनीत ठेवलेली कमाई त्या रकान्यात दिसत नाही, फक्त शेअर मालमत्तेत दिसतात. पुढच्या निवडणुकीत तुमच्या मतदारसंघाचं प्रतिज्ञापत्र उघडून दोन्ही रकाने एकत्र वाचा.

प्रश्न : आमची हापूसची बाग आहे. कंपनी काढून कॅनिंग केलं तर शेतीचं उत्पन्न म्हणून सगळंच करमुक्त राहील ना?
— एक बागायतदार, देवगड

उत्तर : नाही. स्वतःच्या बागेतला आंबा विकून आलेलं उत्पन्न करमुक्त, पण रस डब्यात भरून विकलात की तो धंदा झाला. फळ तुमच्या स्वतःच्याच बागेचं असेल तर त्याची बाजारभावानं किंमत वजा होते, उरलेल्या नफ्यावर कर. कंपनीकडून तुमच्या हातात येणारा लाभांश तर शेतीचा नव्हेच. चहाच्या मळ्याच्या कंपनीचा लाभांश शेतीउत्पन्न मानावा म्हणून मुंबईच्या बच्चा गझदर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या होत्या. 1954 मध्ये न्यायालयानं सांगितलं, मळा कंपनीचा, भागधारकाचा नव्हे. तेव्हा बाग सातबाऱ्यावर आहे तशीच आपल्या नावावर ठेवा, आणि कॅनिंगला किती पेट्या गेल्या, त्या दिवशी वाशी मार्केटचा भाव काय होता, हे हंगामात रोजच्या रोज लिहून ठेवा.