वाचलेले ओळखीचे वाटते, पण पेपरात आठवत नाही

रोज तीन-चार तास अभ्यास करूनही आणि प्रत्येक धडा तीन-तीनदा वाचूनही प्रश्नपत्रिका हातात पडल्यावर काही सुचत नाही, तेव्हा आपली स्मरणशक्तीच कमी आहे का आणि परीक्षेच्या आदल्या रात्री जागावे का, असे तुम्ही विचारले आहे. स्मरणशक्तीला दोष देण्याआधी अभ्यासाची रीत तपासावी, असे मला वाटते. कारण तुमच्या वर्णनात वाचणे अनेकदा आले आहे, पण पुस्तक मिटून आठवून पाहणे एकदाही आलेले नाही.

दुसऱ्यांदा वाचताना मजकूर सोपा वाटू लागतो, पुढचे वाक्य आधीच ध्यानात येते आणि 'हे मला येते' अशी समजूत होऊन बसते. परंतु समोर असलेली गोष्ट ओळखणे वेगळे आणि समोर नसताना ती सांगता येणे वेगळे, आणि परीक्षेत लागते ते दुसरे. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना सूर्य आणि समुद्री पाणमांजर या विषयांवरचे दोन छोटे उतारे दिले होते. त्यांपैकी एक दोनदा वाचायचा होता, तर दुसरा एकदा वाचून, न पाहता, आठवेल तेवढा लिहून काढायचा होता. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचलेल्या उताऱ्यातले ८१ टक्के आणि लिहून काढलेल्यातले ७५ टक्के मुद्दे आठवले. ज्यांची चाचणी आठवड्याने घेतली, त्यांच्या बाबतीत मात्र हेच आकडे ४२ आणि ५६ असे उलटले. त्यांच्याच पुढच्या प्रयोगात, वारंवार नुसते वाचणाऱ्यांना आपल्या लक्षात अधिक राहील अशी खात्री वाटत होती, हे तुमच्या अनुभवाशी ताडून पाहा.

तेव्हा उद्यापासून एवढा बदल करा. समजा, अर्थशास्त्रातला मागणीचा नियम वाचला, तर पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर तो स्वतःच्या शब्दांत लिहा, मग पुस्तक उघडून जे राहिले ते वेगळ्या शाईने भरा. 'किंमत वाढली की मागणी घटते' हे बहुतेकांना येते. सुटते ती 'इतर परिस्थिती कायम असताना' ही अट, आणि पूर्ण गुण व अर्धे गुण यांतला फरक बहुधा अशाच एखाद्या अटीत असतो. दुसऱ्या शाईत जे उतरले, तोच तुमचा पुढचा अभ्यास. बाकीचे पान पुन्हा वाचण्याची गरज नाही. पहिल्या काही दिवसांत कागद अर्धा कोराच राहील आणि अभ्यास मागे पडल्यासारखे वाटेल, पण ही रीत नेमकी तेथेच सोडून देऊ नये, कारण आठवण्यासाठी करावी लागणारी खटपट हाच या अभ्यासाचा कामाचा भाग आहे. (अर्धे पान पिवळ्या मार्करने रंगवण्याच्या प्रथेविषयी मी येथे बोलत नाही; त्याने हाताला काम मिळते, एवढेच.)

हाच कागद दुसऱ्या दिवशी, नंतर तीन-चार दिवसांनी आणि मग आठवड्याने पुन्हा न पाहता लिहावा. विसरण्याचा वेग सुरुवातीला सर्वाधिक असतो, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरगट स्वतः पाठ करून १८८५ मध्येच दाखवले होते. त्यामुळे एका बैठकीतल्या तीन तासांपेक्षा चार दिवसांत विभागलेले तेच तीन तास अधिक उपयोगी पडतात.

आदल्या रात्री जागू नका. दिवसा शिकलेले स्मरणात पक्के होण्यात झोपेचा मोठा वाटा असतो, आणि जागरणानंतर एकाग्रता घटल्यामुळे येत असलेले उत्तरही चुकते. प्राध्यापकांना शंका विचारायला संकोच वाटतो, असेही तुम्ही लिहिले आहे. 'हा धडा समजला नाही' असे म्हणण्याऐवजी 'येथपर्यंत समजले, या पायरीपासून पुढे समजत नाही' असे त्या कागदावर बोट ठेवून विचारा, म्हणजे दोन मिनिटांत उत्तर मिळेल.