ट्रंकेतले नाणे कुठले?

प्रश्न : आजोबांच्या जुन्या ट्रंकेत एक पांढुरके नाणे सापडले. एका बाजूला मुकुटाखाली ढाल, तिच्यात बाणांची जुडी आणि लाटा. दुसऱ्या बाजूला क्रूस. साल १९५३. २ आणि ५० या आकड्यांच्या मधे डॉलरची खूण आहे. नाणे अमेरिकेचे का? आणि चांदीचे असेल का? – एक वाचक, डिचोली

उत्तर : अमेरिकेचे नव्हे. हे पोर्तुगीज अमलातल्या मोझांबिकचे अडीच एस्कुदो. एस्कुदो हे तेव्हाचे पोर्तुगीज चलन, त्याचे शंभर सेंताव्हो. डॉलरसारखी ती खूण पोर्तुगीज हिशेबात एस्कुदो आणि सेंताव्हो यांच्यामधे घालत. म्हणजे २ एस्कुदो, ५० सेंताव्हो.

ढाल मात्र भिंग घेऊन सावकाश पाहा, खरी गंमत तिच्यात आहे. पाच चिमुकल्या ढाली पोर्तुगालच्या, खालच्या लाटा समुद्रापारच्या मुलखाच्या. हा साचा सगळ्या वसाहतींना सारखाच. बदलते ती उरलेल्या भागातली खूण. मोझांबिकला सात बाणांची जुडी मिळाली. घरात १९५८ चे गोव्याचे एस्कुदो असेल तर शेजारी ठेवा : बाणांच्या जागी चाक दिसेल. ते संत कॅथरिनचे. पोर्तुगीज सेनानी आफोंसो द आल्बुकेर्कने २५ नोव्हेंबर १५१० रोजी गोवा जिंकला, तो तिच्या सणाचा दिवस. जुन्या गोव्याचे से कॅथेड्रलही तिच्याच नावाचे आहे. आपल्या भूमीच्या पराभवाची तारीख आपल्याच खिशातल्या नाण्यावर कोरलेली होती, हे मला अजून बोचते.

दुसऱ्या बाजूचा क्रूस ‘ख्रिस्त संघ’ या पोर्तुगीज धार्मिक-लष्करी संघाचा, पोर्तुगीज जहाजांच्या शिडांवर असायचा तोच. १९५१ पर्यंतच्या नाण्यांवर मोझांबिकच्या आधी ‘कोलोनिया’ असे. त्या वर्षी लिस्बनने वसाहतींना ‘प्रांत’ म्हणायला सुरुवात केली आणि तो शब्द गेला. मोझांबिकवर राज्य मात्र तेच राहिले, थेट २५ जून १९७५ ला तो देश स्वतंत्र होईपर्यंत.

गोव्यातून कितीतरी माणसे मोझांबिकमधल्या बैरा आणि लॉरेन्सो मार्किसला, म्हणजे आजच्या मापुतोला, नोकरीला गेली. आजोबा तिकडे होते का, की कोणी त्यांना हे आणून दिले, ते घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा आणि कागदावर लिहून नाण्यासोबत ठेवा.

चांदीचे म्हणाल, तर अडीच एस्कुदो १९५१ पर्यंत चांदीच्या मिश्रणाचे होते. १९५२ पासून तांबे-निकेलचे. तुमचे दुसऱ्या प्रकारातले. समईसारखे चिंचेने घासू नका. घासलेल्या नाण्यावरची बारीक रेघ पुसते, आणि त्या बाणांसाठी ती रेघच हवी.