ख्रिस्ती धर्मात ‘नीतिमान’ आणि ‘अनीतिमान’ कोणाला म्हणतात? चांगलं वागलं की माणूस नीतिमान होतो का?

मी नगर जिल्ह्यातल्या प्रोटेस्टंट घरातला. संडेस्कूलमध्ये असताना माझं उत्तर तयार होतं: दारू न पिणारा, रविवार न चुकवणारा, दशांश म्हणजे मिळकतीचा दहावा हिस्सा देणारा तो नीतिमान, उरलेले अनीतिमान. हे उत्तर तोकडं आहे हे कळायला मला एक भोपळा लागला. त्याच्याकडे येतोच.

बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात, १८व्या अध्यायात येशूने एक दाखला दिलाय. दोघं मंदिरात प्रार्थनेला जातात, एक परूशी (धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथातला) आणि एक जकातदार. परूशी देवाला सांगतो, मी आठवड्यातून दोनदा उपास करतो, सगळ्या मिळकतीचा दशांश देतो. तो थापा मारतोय असं दाखल्यात कुठेही नाही. मोशेच्या नियमशास्त्रात सक्तीचा उपास वर्षाला एकच, प्रायश्चित्ताच्या दिवशीचा. हा गृहस्थ वर्षाला शंभरेक करतोय! जकातदार म्हणजे रोमी सरकारसाठी आपल्याच लोकांकडून वसुली करणारा, त्यात स्वतःचाही हात मारून घेणारा. तो लांबच उभा राहतो, छाती बडवतो आणि मज पाप्यावर दया कर, एवढंच म्हणतो. येशू म्हणतो, हाच नीतिमान ठरून घरी गेला.

त्यातलं ‘ठरून’ बघा. मूळ ग्रीक शब्दही न्यायनिवाड्यातलाच आहे. निकाल न्यायाधीश देतो, आरोपी नाही. परूशाने स्वतःचा निकाल स्वतःच लावून टाकला, तिथेच तो फसला. प्रेषित पौलाने तर रोमच्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलेल्या पत्रात सरळ लिहिलंय की नीतिमान कोणी नाही, एकदेखील नाही.

मग कसंही वागलं तरी चालतं का? तर नाही, आणि त्यासाठी लूकचा पुढचाच अध्याय वाचा. यरीहोचा मुख्य जकातदार जक्कय, बुटका, गर्दीत दिसेना म्हणून झाडावर चढलेला. येशू त्याला ‘आधी सुधार, मग येतो’ म्हणत नाही, थेट त्याच्या घरी उतरतो. जक्कय उभा राहून अर्धी मालमत्ता गरिबांना आणि लुबाडलेल्यांना चौपट परत देण्याचं कबूल करतो, ते त्यानंतर. मोशेच्या नियमशास्त्रातल्या ‘गणना’ या पुस्तकात, ५:७ प्रमाणे गुन्हा कबूल करणाऱ्याने मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा एवढंच द्यायचं असतं. क्रिया आधी नाही, मागून येते. पण आलीच नाही तर बायबलमधल्या याकोबाच्या पत्राच्या भाषेत तो विश्वास निर्जीव. (या क्रमावरून प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या मार्टिन ल्यूथरपासून जे भांडण पेटलं, त्यावर लुथेरन आणि कॅथलिकांनी संयुक्त जाहीरनामा केला तो थेट १९९९ साली.)

अनीती म्हटलं की लोकांना दारू नाहीतर बाई आठवते. बायबलच्या जुन्या करारातला आमोस संदेष्टा मात्र धान्याचं माप लहान करणाऱ्यांवर आणि खोटा तराजू धरणाऱ्यांवर तुटून पडतो.

आता भोपळा. आमच्याकडे सुगीच्या सणाला लोक धान्य, कोंबड्या, अंडी, भाज्या देवाला आणतात आणि उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो. नोकरी लागली त्या वर्षी मी एक भोपळा अकराशेला घेतला. टाळ्या पडल्या, आईचा चेहरा फुलला. पैसे ‘नंतर देतो’ म्हणालो आणि तीन वर्षं दिले नाहीत. त्या तीन वर्षांत उधारी ठेवणाऱ्यांना नावं ठेवणाऱ्यांत मी पुढे होतो. एकदा जक्कयावरचं प्रवचन चालू असताना खजिनदारकाका दोन बाकं पुढे बसले होते, आणि मला पाळकांचं पुढचं काही ऐकूच येईना.

उपासना सुटल्यावर त्यांच्या हातात तेराशेवीस ठेवले. त्यांनी वही काढली, बोट फिरवत माझं नाव शोधलं आणि विचारलं, “अकराशे भोपळ्याचे. हे वरचे दोनशेवीस कसले रे?” मी म्हटलं, “गणना पाच-सात.” ते हसले. चौपट मागितले नाहीत एवढं माझं नशीब.